होडीवरचे विजेचे साहित्य : घ्यावे काय, सोडावे काय

समुद्र खानदेशापासून लांब असला तरी इथे होड्या कमी नाहीत. हतनूर धरणाचा फुगवटा चांगदेवच्या तापी-पूर्णा संगमाला भिडतो. सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा बॅरेजमुळे तापी बरेच महिने भरलेली दिसते. नवापूरच्या बाजूला उकाई धरणाचे पाणी आहे, तर अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरात नर्मदेवरच्या सरदार सरोवराचे. या पाण्यावर होडी चालवणाऱ्या वाचकांनी यंदा विजेच्या साहित्याबद्दल बरेच विचारले आहे. दुकानात आणि मोबाइलवर मिळणारा सल्ला बहुतेक समुद्राच्या होडीसाठीचा असतो. आपले पाणी गोडे, गाळाचे, दर महिन्याला पातळी बदलणारे, त्यात मे महिन्याचा 45 अंशांचा तडाखा. म्हणून उत्तरे आपल्याच पाण्याच्या हिशेबाने दिली आहेत.

प्रश्न : आमची 18 फुटी फायबरची होडी आहे, मागे दोरी ओढून सुरू होणारे 9.9 हॉर्सपॉवरचे आउटबोर्ड इंजिन. हतनूरच्या फुगवट्यात जाळी टाकतो. यंदा तीस हजार रुपये बाजूला काढले आहेत. मुलगा म्हणतो, मोठ्या पडद्याचे मशीन घ्या. आधी काय घ्यावे?
— एक मच्छीमार, मुक्ताईनगर तालुका

उत्तर : पडद्याचा विचार शेवटी करा. पहिला खर्च बॅटरी, वायर आणि फ्यूजवर करा, दुसरा पाणी उपसणाऱ्या पंपावर, तिसरा दिव्यांवर. त्यातून उरेल त्यात खोली दाखवणारे लहान मशीन येते, आणि तुमच्या कामाला ते पुरते.

पंप इतका वर का, ते आकड्यांत पाहा. पाण्याखाली 30 सेंटिमीटरवर एक इंच व्यासाचे भोक पडले तर मिनिटाला 40 लिटरच्या वर पाणी आत येते. म्हणजे दर मिनिटाला जवळपास तीन बादल्या, तासाला अडीच हजार लिटर. बाजारात मिळणारा ‘500’चा पंप म्हणजे ताशी 500 गॅलन, साधारण 1,900 लिटर. हा आकडा पंपाला पाणी अजिबात वर चढवावे लागत नसतानाचा असतो. पाणी मीटरभर उचलून वळ्यावळ्यांच्या पाइपातून बाहेर टाकायचे म्हटले की त्याचा दोन तृतीयांश धरावा. ‘500’ तिथेच कमी पडतो. ‘1100’चा पंप, म्हणजे छापील 4,160 लिटर आणि प्रत्यक्षात पावणेतीन हजारांच्या आसपास, कसाबसा बरोबरी करतो. म्हणून 1100च घ्या. आतून गुळगुळीत पाइप वापरा आणि तो शक्य तितका सरळ न्या. पंप तरंगत्या स्विचवर ठेवा, म्हणजे बुडात पाणी चढले की तो आपोआप चालू होतो. या स्विचची वायर मुख्य स्विचच्या मागून घेऊ नका, वेगळा फ्यूज टाकून थेट बॅटरीवरून घ्या. रात्री होडी काठाला बांधून तुम्ही घरी आलात, मुख्य स्विच बंद केलात आणि पाऊस आला, तरी पंप चालला पाहिजे.

फ्यूज पंपावर छापलेल्या आकड्याचाच हवा. पंपात जलपर्णीची मुळे किंवा जाळ्याचा धागा अडकला की पंखा जाम होतो आणि मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. योग्य फ्यूज असला तर तो उडतो, 30 अँपियरचा टाकला असला तर मोटर जळते. बॅटरीच्या प्लसपासून वीतभराच्या आतच फ्यूज बसवा. त्याच्या अलीकडची वायर घासून शॉर्ट झाली तर तिला थांबवणारे काहीच नसते.

आता बॅटरी किती मोठी, ते पाहू. सहा तासांच्या फेरीत खोलीचे मशीन 0.6 अँपियरने सहा तास चालले तर 3.6 अँपियर-तास लागतात. मोबाइल चार्जिंगला 3, एलईडी दिव्यांना तीन तासांचे 1.5 आणि पंप एकूण अर्धा तास चालला तर 2. बेरीज दहाच्या थोडी वर जाते. शिसे-आम्लाची बॅटरी अर्ध्याखाली उतरवली की लवकर मरते, म्हणून 20 तरी हवेच. उन्हाने आणि वयाने क्षमता घटते, म्हणून 35 ते 42 घ्या. गाडीची स्टार्टिंग बॅटरी घेऊ नका. तिच्या प्लेटा पातळ असतात, क्षणभर मोठा करंट देण्यासाठीच्या. हळूहळू रिकामी होणे त्यांना सोसत नाही. इन्व्हर्टरच्या धर्तीची, पण सीलबंद डीप-सायकल बॅटरी घ्या. ऐपत असेल तर 20 अँपियर-तासाची लिथियम फॉस्फेट घ्या. ती 80 टक्के वापरता येते आणि वजनाला तीन किलोच्या आसपास बसते. मात्र तिला तिचाच चार्जर लागतो, जुना चालत नाही.

बॅटरी तोल साधण्यासाठी पुढे ठेवली आणि पंप मागे असला तर वायर एका बाजूने पाच मीटर, जाऊन-येऊन दहा मीटर भरते. एक स्क्वेअरच्या (तांब्याचा छेद एक चौरस मिलिमीटर) वायरवर चार अँपियरला 0.7 व्होल्ट वाटेतच जातात, अडीच स्क्वेअरवर 0.3. पंपाचा जोर व्होल्टेजवर अवलंबून असतो. वायरमध्ये वाचवलेले शे-दोनशे रुपये पंपाच्या जोरातून वजा होतात. शक्य तिथे कल्हई केलेल्या तांब्याची, बारीक तारांची वायर घ्या. घरात भिंतीत घालतात ती एकतारी जाड वायर होडीच्या हादऱ्याने आतल्या आत तुटते.

प्रश्न : फिश फाइंडर, म्हणजे खोली आणि मासे दाखवणारे मशीन, घ्यायचा आहे. दुकानदार 50, 83, 200 किलोहर्ट्झ, चर्प असे बरेच सांगतो. आमच्याकडे पाणी 5 ते 15 मीटर आणि खाली गाळ. कोणता घ्यावा, कुठे बसवावा? पडद्यावर माशांच्या लांबलचक रेघा येतात, त्या खऱ्या का?
— वाचक, सारंगखेडा

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण पैसा इथेच वाया जातो. मशीन पाण्यात आवाजाचा ठोका सोडते आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला ते मोजते. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो, म्हणून दहा मीटर खोलीचा प्रतिध्वनी सेकंदाच्या शंभराव्या भागाहून थोड्या जास्त वेळात परत येतो. पडद्यावर या क्षणाची गोष्ट फक्त उजव्या कडेची एक उभी रेघ सांगते. डावीकडचे सगळे मागे पडलेले आहे. होडी थांबलेली असेल आणि एक मासा खाली तसाच उभा राहिला, तर त्याची रेघ सगळ्या पडद्यावर लांबत जाते. रेघ लांब म्हणजे मासा लांब, असे नाही. तो जास्त वेळ खाली होता, इतकाच तिचा अर्थ. माशाचा अंदाज घ्यायचा तर रेघेची जाडी आणि रंगाचा गडदपणा पाहावा. होडी सावकाश चालत असताना जी कमान उमटते ती वाचायला सोपी जाते. माशांची चित्रे काढणारी सोय मात्र बंद करा. पाण्यातला पालापाचोळा आणि बुडबुडेही ती मासा म्हणून दाखवते.

आता किलोहर्ट्झ, म्हणजे आवाजाचा सूर किती उंच ते. 200ची तिरीप, म्हणजे खाली पसरत जाणारा आवाजाचा झोत, अरुंद असते, साधारण 20 अंशांची. दहा मीटरवर ती तळाचा साडेतीन मीटर व्यासाचा गोल पाहते. 83ची 60 अंशांची तिरीप त्याच खोलीवर साडेअकरा मीटरचा गोल पाहते. रुंद तिरिपीत मासा सापडण्याची शक्यता जास्त, पण तो नेमका होडीखाली आहे की पाच मीटर बाजूला, हे कळत नाही. शिवाय उतारावरचा तळ धूसर दिसतो. तुमच्या खोलीला 200 हाच कामाचा. 83 जोडीला असेल तर उत्तम. 50 खोल समुद्रासाठी आहे, त्याचे पैसे देऊ नका. चर्प म्हणजे एका सुराऐवजी सूर चढवत सोडलेला ठोका. त्याने जवळजवळचे दोन मासे वेगळे दिसतात आणि तळाला चिकटलेला मासा तळापासून सुटा दिसतो. ही सोय आता लहान मशीनमध्येही येते, ती घ्यावी. बाजूचे चित्र दाखवणारे साइड-स्कॅन बुडालेल्या भिंती आणि झाडे शोधायला सुंदर आहे, पण जाळी टाकणाऱ्याला ते रोज लागत नाही.

गाळ ओळखायला शिका. कडक तळ किंवा खडक असला की पातळ, गडद रेघ येते आणि अनेकदा दुप्पट खोलीवर तिची दुसरी सावली पडते. आवाज तळावरून पृष्ठभागाला, तिथून पुन्हा तळाला आपटून आलेला असतो. मऊ गाळ आवाज पिऊन घेतो, त्यामुळे रेघ जाड आणि फिकट दिसते आणि दुसरी सावली पडत नाही. तापीच्या तळावर हा फरक पाच-दहा मीटरच्या अंतराने बदलताना दिसेल. नदी गढूळ असली की पडदा ठिपक्यांनी भरतो. तेव्हा सेन्सिटिव्हिटी हाताने कमी करा, ऑटोवर सोडू नका.

बसवण्याची जागा मशीनइतकीच महत्त्वाची आहे. सेन्सर, म्हणजे आवाज सोडणारा आणि ऐकणारा भाग, मागच्या फळीवर, होडीच्या बुडापेक्षा अर्धा सेंटिमीटर ते एक सेंटिमीटर खाली आणि आउटबोर्डच्या पंख्यापासून किमान 40 सेंटिमीटर दूर असावा. मागून पाहताना पंखा घड्याळाच्या काट्यासारखा फिरत असेल तर सेन्सर उजव्या बाजूला बसवा. तिथे पाती खाली जातात, त्यामुळे बुडबुडे कमी येतात. होडीच्या बुडावर जिथे खिळा, पट्टी किंवा उंचवटा आहे त्याच्या सरळ मागे बसवू नका, तिथून हवेची रेघ निघते. वेग वाढवला की खोलीचा आकडा नाहीसा होत असेल तर कारण नव्वद टक्के हेच असते, मशीन बिघडलेले नसते.

फायबर भरीव असेल तर सेन्सर आतूनही चिकटवता येतो. मग जाळ्याचा आणि दगडाचा त्रास नाही. आधी चाचणी घ्या : प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरून ती बुडावर ठेवा, सेन्सर पिशवीत बुडवून धरा आणि खोली वाचा. नंतर तीच खोली बाहेर लटकवून वाचा. दोन्ही जुळले तरच इपॉक्सीने चिकटवा. इपॉक्सीत एकही बुडबुडा राहू देऊ नका, हवेतून हा आवाज जात नाही. लाकडी किंवा मधे फोम भरलेल्या होडीत हा उपाय चालत नाही. आतून बसवल्यावर मशीन पाण्याचे तापमान न दाखवता होडीच्या बुडाचे दाखवते, हेही लक्षात असू द्या. सेन्सरची केबल लांब आहे म्हणून कापू नका, गुंडाळी करून बांधा.

पडद्याबद्दल एकच गोष्ट. आपल्या उन्हात फिका पडदा कोरा कागद होतो. दुकानाच्या दिव्यात पाहून घेऊ नका, दुपारी बारा वाजता रस्त्यावर आणून पाहा. जवळ पोलराइज्ड चष्मा असेल तर तो घालून, मान वाकडी करूनही पाहा. काही पडदे त्यातून काळे दिसतात.

प्रश्न : आम्ही नर्मदेच्या फुगवट्यात माणसे आणि सामान नेतो. पाणी उतरले की बुडालेल्या झाडांचे खुंट पंख्याला लागतात. जीपीएस प्लॉटर (नकाशावर आपली जागा दाखवणारे यंत्र) घ्यावा का? मोबाइलला तर तिथे रेंजच नाही.
— वाचक, धडगाव

उत्तर : रेंज नसली तरी मोबाइलचे जीपीएस चालते. ते उपग्रहांकडून येते, टॉवरकडून नाही. रेंज नसताना जागा पहिल्यांदा सापडायला काही मिनिटे जास्त लागतात आणि उंच डोंगरांच्या घळीत आकाश कमी दिसल्याने अचूकता घटते, एवढाच फरक. घरून निघताना नकाशा डाउनलोड करून ठेवा. प्लॉटरचे खरे मोल त्यातल्या खोलीच्या नकाशात असते, आणि ते नकाशे समुद्रकिनाऱ्यांसाठी केलेले असतात. घेण्याआधी दुकानात तो नकाशा उघडून आपले गाव काढायला सांगा. नुसता निळा पट्टा दिसला तर त्या नकाशाचे पैसे देऊ नका. नकाशा नसलेले पण जीपीएस असलेले खोलीचे लहान मशीन घ्या. त्यात खुणा आणि गेलेला मार्ग साठवता येतो, आणि तुम्हाला तेवढेच हवे आहे.

खरा प्रश्न खुंटांचा आहे, आणि त्यावर कोणत्याही प्लॉटरपेक्षा चांगला उपाय तुमच्या वहीत आहे. पडद्यावरची खोली ही त्या दिवसाच्या पाण्यापासूनची असते. पाणी चार मीटर उतरले की कालची सुरक्षित खूण आज खोटी ठरते. म्हणून खूण करताना खोली लिहू नका, खुंटाच्या टोकाची समुद्रसपाटीपासूनची उंची लिहा. सरदार सरोवराची पूर्ण पातळी 138.68 मीटर आहे आणि धरणाची पातळी रोज जाहीर होते. समजा, आज पातळी 134.0 आहे. खुंटावर मशीन 2.8 मीटर दाखवते आणि सेन्सर पाण्याखाली 0.2 मीटर आहे. म्हणजे टोक पाण्याखाली 3.0 मीटरवर, त्याची उंची 131.0. जीपीएसमध्ये खुणेचे नावच ‘खुंट 131’ ठेवा. पुढे कधीही त्या दिवसाच्या पातळीतून 131 वजा केले की खुंटावर किती पाणी आहे ते कळते. पातळी 136.2 असेल तर पाच मीटरच्या वर, 132 असेल तर फक्त एक. आउटबोर्डचा पंखा पाण्याखाली साधारण पाऊण मीटर जातो, म्हणून दीड मीटरपेक्षा कमी उरत असेल तर तो रस्ता त्या महिन्यापुरता बंद समजा.

हा हिशेब पाणी शांत असताना लागू पडतो. पूर चालू असताना धरणाजवळची पातळी आणि वरच्या गावाजवळची पातळी एक नसते, वर पाणी जास्त चढलेले असते. शिवाय वाहत आलेले ओंडके कोणत्याच खुणेत नसतात. त्या दिवसांत डोळ्यांवर आणि कमी वेगावरच भिस्त ठेवा. खुंटाचे टोक बारीक असते, ते 200च्या तिरिपीत एका फटक्यात सापडत नाही. एकाच जागेवरून आडव्या-उभ्या तीन-चार फेऱ्या मारून सगळ्यात कमी आकडा घ्या.

मोबाइल उन्हात ठेवला की तापून बंद पडतो, आणि नेमका दुपारी, सामान भरलेल्या होडीत. त्याला सावलीचा कोनाडा करा. वॉटरप्रूफ असला तरी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. आयपी67 म्हणजे एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास, तेही मोबाइल नवा असताना. खुणा महिन्यातून एकदा दुसऱ्या मोबाइलवर उतरवून ठेवा. मोबाइल बुडाला तरी दोन पावसाळ्यांची मेहनत बुडायला नको.

प्रश्न : दोन होड्यांमध्ये आणि काठाशी बोलायला काय घ्यावे? समुद्रावर वापरतात तो व्हीएचएफ रेडिओ की सॅटेलाइट फोन?
— वाचक, नवापूर

उत्तर : दोन्ही नकोत. समुद्री व्हीएचएफ संचाला परवाना लागतो, आणि त्याचा खरा उपयोग संकटाच्या हाकेसाठीच्या चॅनेल 16 वर कोणीतरी सतत कान देऊन बसलेले असते म्हणून. समुद्रावर ते ऐकणारे असतात, फुगवट्यात कोणी नसते. सॅटेलाइट फोन आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रे आपल्याकडे दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगणे हा गुन्हा आहे. परदेशातून आणलेले किंवा ऑनलाइन सापडलेले यंत्र म्हणून सूट मिळत नाही.

446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झवर चालणारे कमी शक्तीचे वॉकी-टॉकी परवान्याशिवाय वापरता येतात. घेताना खोक्यावर हीच फ्रिक्वेन्सी आहे का आणि संचाला सरकारी ईटीए (संचाच्या प्रकाराला मान्यता दिल्याचे) प्रमाणपत्र आहे का, ते पाहा. ‘पाच वॉट, दहा किलोमीटर’ अशी जाहिरात असलेले संच बहुधा या पट्ट्याबाहेरचे असतात. कमी शक्तीच्या संचाचा आवाज उघड्या पाण्यावर समोरासमोर चांगला जातो, पण डोंगराचे वळण आड आले की तुटतो. म्हणून वळणावर पोहोचल्यावर बोलायची सवय लावा. बाकी शिट्टी, टॉर्च, प्रत्येकाच्या अंगावर जॅकेट आणि ‘इतक्या वाजेपर्यंत परतलो नाही तर या बाजूला शोधा’ असे काठावर सांगून ठेवलेला एक माणूस यांना पर्याय नाही.

प्रश्न : आमच्या लाकडी होडीला पंपाचे डिझेल इंजिन आहे, चार्जिंग नाही. बॅटरी रोज सायकलवर घरी न्यावी लागते. इंजिनाला गाडीचा अल्टरनेटर लावावा की सोलर?
— वाचक, प्रकाशा

उत्तर : दिवसाला दहा-पंधरा अँपियर-तासच लागत असतील तर सोलर. 50 वॉटचे पॅनेल आपल्या भागात उन्हाळ्यात दिवसाला सुमारे 150 वॉट-तास, म्हणजे बारा अँपियर-तासांच्या आसपास देते. छापील 50 वॉट कधी मिळत नाहीत, कारण पॅनेल तापले की प्रत्येक अंशाला 0.4 टक्क्यांच्या आसपास शक्ती जाते. काच 65 अंशांना पोहोचली तर 16 टक्के तिथेच गेले. म्हणून पॅनेल छतावर चिकटवू नका, खालून वारा खेळेल अशी दोन-तीन इंच फट ठेवा. धूळ रोज पुसा. पावसाळ्यात एक तृतीयांशच धरा आणि तेव्हा आठवड्यातून एकदा घरच्या चार्जरवर भरा.

पॅनेल आणि बॅटरीच्या मधे चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर असतो. तो जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल. उलट केले तर पॅनेलचे 20 व्होल्ट रिकाम्या कंट्रोलरवर येतात आणि स्वस्त कंट्रोलर तिथेच जातो. बॅटरीचा प्रकार कंट्रोलरवर निवडायला विसरू नका. लिथियम सेटिंगवर ठेवलेली शिसे-आम्लाची बॅटरी कधी पूर्ण भरत नाही किंवा उकळते.

अल्टरनेटर तेव्हाच, जेव्हा मोठे दिवे किंवा फ्रीज चालवायचा असेल. तो मिनिटाला साधारण दोन हजार फेऱ्यांच्या वर गेला की नीट भरू लागतो. इंजिन मिनिटाला 1,500 फेऱ्यांचे असेल तर इंजिनाची पुली अल्टरनेटरच्या दुप्पट व्यासाची हवी. 650-850 फेऱ्यांच्या जड इंजिनाला तिप्पट-चौपट लागते, पट्टा फ्लायव्हीलवरून घ्यावा लागतो. पट्ट्यावर जाळी घातल्याशिवाय होडी चालवू नका, माणसांचे धोतर आणि लुगडे तिथेच जवळ असते. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधीही सोडू नका. व्होल्टेज एकदम उसळून अल्टरनेटरचे डायोड जातात आणि सोबत खोलीचे मशीनही.

प्रश्न : हिवाळ्यात हतनूरवर पक्षी पाहणाऱ्यांना नेतो. इंजिनाच्या आवाजाने पक्षी उठतात. बॅटरीवरची मोटर चालेल का? होडी माणसांसह 500 किलो.
— वाचक, भुसावळ

उत्तर : चालेल, आणि या कामाला तिच्यासारखी दुसरी वस्तू नाही. ढोबळ नियम असा : वजनाच्या दोन टक्के रेटा. 500 किलोला 10 किलो, म्हणजे 22 पौंड. हे वारा नसतानाचे. मोकळ्या पाण्यावर दुपारचा वारा धरून 55 पौंडांची घ्या. ती पूर्ण जोरावर 12 व्होल्टला 50 अँपियर ओढते. 100 अँपियर-तासाची शिसे-आम्लाची बॅटरी त्या जोरावर जेमतेम एक तास पुरते. तेवढ्याच आकड्याची लिथियम फॉस्फेट दीड तास, आणि पक्ष्यांजवळच्या सावकाश चालीत 20 अँपियरवर चार तास. वेगाची पाच पायऱ्यांची स्वस्त मोटर घेऊ नका. ती हळू चालतानाही जास्तीची वीज उष्णतेत घालवते. सलग वेग बदलणारी मोटर घ्या, तुम्हाला बहुतेक वेळ हळूच चालायचे आहे. बॅटरीजवळ 60 अँपियरचा ब्रेकर आणि 16 स्क्वेअरची वायर हवी.

दोन काळज्या घ्या. जलपर्णीची मुळे आणि जाळ्याचे धागे पंख्यामागे गुंडाळले जातात. धागा दांड्याच्या सीलमध्ये शिरला की ते कापते आणि मोटरीत पाणी जाते. दर आठवड्याला नट काढून पंखा ओढा आणि मागचे धागे साफ करा. खोलीचे मशीन या बॅटरीवर लावू नका, मोटरीच्या कंट्रोलरमुळे पडद्यावर आडव्या रेघा येतात. त्याला सात अँपियर-तासाची लहान बॅटरी वेगळी द्या. परतीसाठी वल्ही होडीत असू द्यात. धरणाचे 41 दरवाजे आहेत. त्यातले थोडेही उघडले असतील तर या मोटरीच्या भरवशावर धरणाच्या बाजूला फिरकू नका.

प्रश्न : रात्री होडीवर कोणते दिवे?
— वाचक, शिंदखेडा तालुका

उत्तर : डाव्या कडेला तांबडा, उजव्या कडेला हिरवा आणि चारी बाजूंनी दिसणारा पांढरा. होडी सात मीटरपेक्षा लहान आणि ताशी 13 किलोमीटरच्या आतली असेल तर चारी बाजूंचा पांढरा तरी हवाच. तो काठीवर माणसांच्या डोक्यांच्या वर लावा, म्हणजे कोणी उभे राहिले तरी झाकत नाही आणि चालवणाऱ्याच्या डोळ्यांतही येत नाही. वल्ह्याच्या होडीत हाताशी टॉर्च ठेवा. तांबडे-निळे लुकलुकणारे पट्टे लावू नका, समोरच्याला तुम्ही कोणत्या दिशेला चाललात ते कळत नाही.

प्रश्न : दर पावसाळ्यानंतर दिवे मिणमिणतात, पंप घुरघुरतो. बॅटरी नवी घातली तरी तेच. दोन पंप बदलले.
— वाचक, चाळीसगाव तालुका

उत्तर : तिसरा पंप घेऊ नका. दोनशे-तीनशे रुपयांचा मल्टीमीटर घ्या आणि पंप चालू ठेवून मोजा. पंप बंद असताना घेतलेला आकडा उपयोगाचा नाही, करंट वाहत नसला की खराब जोडही पूर्ण व्होल्टेज दाखवतो. समजा, बॅटरीच्या टर्मिनलवर 12.4 आहेत आणि पंपाच्या दोन वायरांवर 10.6. म्हणजे 1.8 व्होल्ट वाटेत हरवले. आता एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरे पंपाच्या प्लसवर ठेवा. 1.3 आले तर दोष प्लसच्या बाजूला आहे. पहिले टोक तिथेच ठेवून दुसरे एकेक जोडावर मागे आणा : स्विचच्या पलीकडे, स्विचच्या अलीकडे, फ्यूजच्या पलीकडे, फ्यूजच्या अलीकडे. स्विचच्या पलीकडे 1.2 आणि अलीकडे 0.1 आले तर चोर स्विच आहे. राहिलेले 0.5 मायनसच्या बाजूला शोधा. ती बाजू लोक तपासतच नाहीत.

बहुतेक वेळा चोर म्हणजे पिळून टेप गुंडाळलेला जोड. आपल्या उन्हात टेपचा डिंक वितळून घसरतो आणि पाणी आत जाते. टेप उलगडला की आतले तांबे हिरवट-काळे दिसते. ते खरवडून पुन्हा पिळू नका. वायर कापा, सोला आणि तांबे नव्या भांड्यासारखे चकचकीत दिसेपर्यंत मागे जात राहा. हातभर मागे गेल्यावरही काळेच निघाले तर ती सगळी वायर टाकून द्या. पाणी इन्सुलेशनच्या आतून वर चढलेले असते. नवा जोड योग्य मापाच्या लगने (वायरीवर दाबून बसवायची धातूची नळी), क्रिंपिंगच्या खऱ्या पान्याने दाबा (पक्कडीने नव्हे) आणि ओढून पाहा. सुटला तर तो पाण्यावरही सुटणारच होता. वरून आत डिंक असलेली हीट स्लीव्ह चढवून तिच्या दोन्ही टोकांतून डिंक बाहेर येईपर्यंत तापवा. नुसते सोल्डर करू नका, सोल्डर संपते तिथे वायर ताठ होते आणि हादऱ्याने तिथेच तुटते. प्रत्येक जोड बुडातल्या पाण्याच्या वर ठेवा आणि वायर जोडात वरून उतरू न देता खाली झोळ देऊन वर चढवा. पाणी झोळातून ठिबकून जाते, जोडात शिरत नाही. स्विच बदलताना रबरी टोपीचा घ्या आणि मागच्या टर्मिनलांना पेट्रोलियम जेली लावा. हे सगळे पाऊस सुरू होण्याआधी, मेच्या शेवटी करा, आणि सप्टेंबरात तेच आकडे पुन्हा मोजून वहीत पहिल्या आकड्यांशेजारी लिहा. कोणता जोड खराब होऊ लागला ते दिवे मिणमिणायच्या आधी दिसेल.